राहून गेलेली सहल

मी या स्मरणिकेच्या संपादक मंडळात आहे. त्यामुळे लेख मागायला मला कुणाचा फोन आला नाही, उलट दोन महिने मीच सगळ्यांना फोन करत होते. सगळ्यांचे लेख आले आणि माझाच राहिला, तेव्हा मॉनिटरने (बँकेत मोठा साहेब झाला तरी आपल्यासाठी तो मॉनिटरच) विचारलं, "तू कशावर लिहिणार? कॉम्प्युटरवर?" मी म्हटलं, "इतिहासावर." तो इतका हसला की फोन ठेवावा लागला. त्याचं हसणं बरोबरच होतं. नववीत भर वर्गात उभी राहून "इतिहासाचा काय उपयोग?" असं बाईंना विचारणारी मुलगी मीच. पण आज लिहायचं आहे ते त्याच विषयावर, आणि ते ज्या दिवशी सुचलं त्या दिवशी आम्ही खरं तर मुद्रितं तपासायला जमलो होतो.

जानेवारीतला दुसरा रविवार. सकाळी नऊला मॉनिटरच्या घरी जमायचं, चारपर्यंत स्मरणिकेची सगळी पानं वाचून संपवायची, असा बेत होता. आम्ही वर्गातले सहाजण, आणि शुद्धलेखन तपासायला आपल्या इतिहासाच्या बाई. बाई आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, गुडघ्यांनी संप पुकारलाय, पण ऱ्हस्व-दीर्घाची नजर तीच आहे. माझ्याबरोबर आई होती, कारण तिला दिवसभर घरी एकटं ठेवायचं नव्हतं. मुलगी होती, कारण तिच्या आजीला तिच्याशिवाय करमत नाही. आम्हाला सोडून परत जाणार असलेला नवरा होता, तो चहासाठी थांबला. आणि साडेनऊला वीज गेली. दुरुस्तीसाठी संध्याकाळी पाचपर्यंत येणार नाही, असं खालून कळलं. सगळी पानं संगणकात, आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी अर्ध्या तासाची. इतकी वर्षं याच धंद्यात असून चार्ज करून न आणल्याबद्दल मी जे ऐकलं ते इथे छापण्यासारखं नाही.

"निदान मिसळ तरी खाऊ," शेवटच्या बाकावरचा एकजण म्हणाला. जवळची कुठली, यावर वाद झाला आणि वादातून नारायणगाव निघालं. दोन गाड्या, दहा माणसं. खेड, मंचर करत साडेअकराला नारायणगावात मिसळ झाली. बाईंनी तिखट रस्सा मागून घेतला, आईने दही. परत फिरायचं तर कुणाच्याच पायात नव्हतं. तेवढ्यात जुन्नरची पाटी दिसली आणि मॉनिटर म्हणाला, "बाई, नववीची आपली सहल इकडेच आली होती ना? नाणेघाटला?"

गाडीत सगळे एकदम बोलायला लागले. कुणाला उलटी झाली, कुणाचा डबा माकडाने नेला, कोण हरवलं आणि कुठे सापडलं. मी खिडकीबाहेर बघत होते. जानेवारी १९९५ ची ती सहल. मी त्या सहलीला नव्हते.

"चला मग," बाई म्हणाल्या. "माझ्या रात्रीच्या गोळ्या पर्समध्ये आहेत."

जुन्नरपासून पुढे रस्ता चावंडच्या पायथ्याने घाटघरकडे जातो. सुमारे तीस किलोमीटर. डावीकडे जीवधन किल्ला उभा राहतो आणि मग एकदम पठार संपतं. पावसाळ्यात इथे वाऱ्याने उलटं उडणारं पाणी बघायला गर्दी लोटते. जानेवारीत नुसतं पिवळं गवत आणि वारा होता. घाटाच्या तोंडाशी तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, म्हणून नाणेघाट, असं सगळे सांगतात. मला ते शंकेखोर इंजिनिअरच्या डोक्याने फारसं पटत नाही, कारण एवढ्या उघड्यावर पैसे कोण ठेवेल? पण जकात असो वा नसो, रहदारी खरी होती. कोकणातल्या कल्याण आणि सोपारा या बंदरांवर उतरलेला माल याच चिंचोळ्या खिंडीतून वर येऊन जुन्नरला, तिथून पैठण आणि तेरला जायचा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवलेल्या समुद्रप्रवासाच्या माहितीपुस्तकात, म्हणजे 'पेरिप्लस'मध्ये, कल्याण, सोपारा, पैठण आणि तेर ही चारही ठिकाणं नावाने आली आहेत. जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांची आणि कासारांची श्रेणी आहे. इरिल, चिट आणि चंद अशा तीन यवनांची दानंही आहेत. यवन म्हणजे परदेशी, बहुधा ग्रीक वळणाचे लोक. त्यातल्या एकाने टाकी खोदून दिली, दुसऱ्याने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरमध्ये परदेशी माणूस स्थायिक होऊन गावासाठी पाण्याची सोय करत होता, हे परदेशी कंपनीसाठी पुण्यात बसून काम करणाऱ्या मला फार ओळखीचं वाटलं.

हे सगळं बाई रांजणाजवळ उभ्या राहून सांगत होत्या, काठी टेकवून, अगदी फळ्यासमोर असल्यासारख्या. माझी मुलगी नववीत आहे. तिने कानातलं काढून खिशात ठेवलं, एवढीच पावती पुरे.

मूळ लेणं घाटाच्या तोंडापासून थोडं खाली, कोकणाच्या बाजूला आहे. दोन उभ्या कड्यांच्या मधून ओबडधोबड पायऱ्या उतरत जायचं. तरण्या माणसाला दहा मिनिटं. "तुम्ही जाऊन या," बाई म्हणाल्या. "मी आणि तुझी आई इथे बसतो. गेल्या वेळीही मी इथेच बसले होते."

"म्हणजे?" मी विचारलं.

"अगं, ती माकडाची धांदल झाली ना, त्यात एकाचा पाय मुरगळला. त्याच्याजवळ कुणीतरी थांबायला हवं होतं. दुसरे सर तुम्हा मुलांना घेऊन खाली गेले. मी वरच राहिले. नंतर कधी जमलं नाही."

ज्याचा पाय मुरगळला होता तो तिथेच उभा होता. त्याने मान खाली घातली. पण खरा धक्का मला बसला, आणि त्याचं कारण सांगायचं तर जानेवारी १९९५ मध्ये परत जायला हवं.

सहलीचे साठ रुपये होते. बाबांच्या कारखान्यात तेव्हा टाळेबंदी चालू होती आणि आई घरी शिवणकाम करत होती. पालकांच्या सहीची चिठ्ठी मी घरी दाखवलीच नाही. वर्गात सांगितलं की मला इतिहास आवडत नाही, मी येणार नाही. एकदा तसं सांगितल्यावर ते निभावणं आलं. सहलीहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी बाईंनी मला थांबवून घेतलं आणि वहीचं एक पान दिलं. त्यावर शाईने काही चिन्हं काढली होती. "हे नाणेघाटातल्या लेखातले अंक. तू गणितवाली, म्हणून तुझ्यासाठी उतरवून आणले. बघ काही लागतं का." मी तेव्हाच, सगळ्यांसमोर, विचारलं की इतिहासाचा काय उपयोग. बाई काही बोलल्या नाहीत. पान मी पुस्तकात घातलं, पुस्तक जूनमध्ये निम्म्या किमतीत विकलं. एकतीस वर्षं मला वाटत होतं की बाईंनी त्या अंधाऱ्या लेण्यात उभं राहून ते अंक माझ्यासाठी उतरवले होते.

"मग ते पान, बाई?"

"ते होय? ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकातून काढलं होतं. सहलीच्या आदल्या आठवड्यात दोन दिवस बसून. मला वाटलं होतं, तू येशील, तर भिंतीवरचे अंक ताडून बघशील. तू आली नाहीस. म्हटलं, आता निदान पान तरी देऊ."

मी म्हटलं, "बाई, मला यायचं होतं. पैसे नव्हते."

"ते मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "पण तू दुसरं कारण सांगितलंस, ते खोडणं मला बरं वाटलं नाही."

शेजारी आई होती. ती रांजणाकडे बघत बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "साठ रुपये मी दिले असते गं. दोन ब्लाउजची शिलाई उशिरा-लवकर केली असती. तू विचारायला हवं होतंस." बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांनाही हे कधीच कळलं नाही. मी एवढंच म्हणू शकले, "हो, विचारायला हवं होतं."

यानंतर बाईंना वर ठेवून खाली जाणं कुणालाच शक्य नव्हतं. पण भावनेने गुडघे दुखायचे थांबत नाहीत. आपल्या वर्गातली लेझीम पथकाची म्होरकी आता फिजिओथेरपिस्ट आहे. तिने बाईंना आधी चार पायऱ्या उतरवून बघितलं, मग सरळ विचारलं, "बाई, उतराल, पण चढताना त्रास होईल. जायचंच आहे?" बाई म्हणाल्या, "जायचंच आहे." मग नियम ठरले. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी. एकजण पुढे, तोंड बाईंकडे करून. एकजण मागे. दर दहा पायऱ्यांनी थांबायचं. पाय मुरगळलेला तो गडी पुढे राहिला. त्याने ती जागा कुणालाही दिली नाही. आई वरच थांबली, थर्मास आणि सगळ्यांच्या चपला-बुटांवर शेरे मारत. दहा मिनिटांचा रस्ता आम्हाला पस्तीस मिनिटं लागला.

लेणं म्हणजे डोंगरात कोरलेली एक मोठी खोली. बुद्धमूर्ती नाही, स्तूप नाही. समोरच्या भिंतीवर एके काळी राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. त्या गेल्या, डोक्यावरची नावं तेवढी वाचली गेली आहेत. सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि श्री सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. डाव्या आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, दहा-दहा ओळींचा लांबलचक लेख. काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना नमन आहे. मग येतो राणीचा भाग. बहुतेक अभ्यासक हा लेख सातकर्णीची राणी नागनिका हिचा मानतात. पती गेल्यावर मुलं लहान असताना राज्य सांभाळणारी बाई. लेखात तिच्याबद्दल म्हटलं आहे की ती महिना-महिना उपास करते, घरात राहून तापसीसारखी जगते. आणि त्याच लेखात तिने आणि तिच्या नवऱ्याने केलेले यज्ञ नोंदले आहेत. अश्वमेध, राजसूय, आणखी कितीतरी. प्रत्येक यज्ञापुढे दिलेली दक्षिणा आहे. गायी, हत्ती, घोडे, गावं, नाणी. एकूण काय, तर भिंतीवर कोरलेला जमाखर्च.

आणि जमाखर्च म्हटला की अंक आलेच. पुण्याच्या आसपासचा मुलुख फिरणारे मुंबई सरकारचे अधिकारी विल्यम साइक्स यांनी १८२८ मध्ये हा लेख पाहिला. तेव्हा ब्राह्मी वाचता येणारा एकही माणूस जगात उरलेला नव्हता. त्यांनी तो १८३७ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचं कोडं सोडवलं. तरी लेखातली काही चिन्हं अक्षरं म्हणून लागेनात. ती अक्षरं नसून अंक आहेत, हे १८७० च्या दशकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी दाखवून दिलं. इंग्रजी विद्यापीठाची पदवी नसलेल्या या पंडिताने लेणी-लेणी हिंडून ठसे घेतले आणि आपल्या अंकांची वंशावळ मागे नेऊन ठेवली. आकडे दगडावर एवढ्या संख्येने एकत्र मिळतात अशा सर्वांत जुन्या जागांपैकी ही एक आहे.

मुलीने मोबाइलचा उजेड भिंतीवर तिरका धरला. तिरका धरला की खोदलेल्या रेषांत सावली पडते आणि अक्षर दिसतं, हे तिचं तिलाच सुचलं. खूप झिजलं आहे. पण दोन आडव्या रेघा दिसल्या. "हा दोन," बाई म्हणाल्या. सात सापडला, तो आजच्या सातासारखाच वळलेला. मी आणि मुलगी आता शोधायलाच लागलो. २४,४०० कार्षापणांची नोंद या लेखात आहे. आपण ती संख्या पाच अंकांनी लिहितो. इथे ती तीन चिन्हांत आहे. वीस हजार, चार हजार, चारशे. हजाराच्या चिन्हाला विसाचं चिन्ह जोडलं की वीस हजार. हजाराला चार जोडला की चार हजार. शंभराला चार जोडला की चारशे. मग तिन्हींची बेरीज.

"मग शून्य?" मुलीने विचारलं.

"शून्य नाहीच," मी म्हटलं. "दहाला वेगळं चिन्ह, विसाला वेगळं, ऐंशीला वेगळं, शंभराला वेगळं. अंकाची किंमत त्याच्या जागेवर ठरत नव्हती, म्हणून रिकामी जागा दाखवायची गरजही नव्हती."

"पण मग गुणाकार कसा करत असतील?"

हा प्रश्न तिने घरी गणिताच्या पुस्तकावर कधीही विचारलेला नाही. मी रोज ज्या यंत्रांशी बोलते ती शून्य आणि एक या दोनच अंकांवर चालतात. त्या शून्याच्या जन्माच्या कितीतरी आधी, व्यापारी रस्त्यावरच्या या खोलीत, एका विधवा राणीचा हिशेब कुणीतरी टाकीने कोरत बसला होता, आणि त्याच्या सात-नवाचं वळण माझ्या कीबोर्डापर्यंत पोचलं आहे. नववीत मी उपयोग विचारला होता. उत्तर वहीच्या पानावर लिहून माझ्या हातात दिलेलं होतं.

"या लेखात सुटे अंक सगळे नाहीत," बाई एका दगडावर टेकत म्हणाल्या. "एक, दोन, चार, सहा, सात, नऊ मिळतात. तीन, पाच आणि आठ गैरहजर."

शेवटच्या बाकावरून आवाज आल्यासारखा मॉनिटरचा आवाज आला, "बाई, आठ म्हणजे हीच की! हिचा हजेरी क्रमांक आठ होता."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "क्रमांक आठ?"

"हजर, बाई," मी म्हटलं.

यावर सगळे हसले आणि मीही हसले. पण वर चढताना मला थोडा वेळ मागे राहावं लागलं.

चढायला तास लागला. फिजिओथेरपिस्टने एकदाही घाई केली नाही आणि कुणाला करू दिली नाही. वर आईने थर्मासचा चहा राखून ठेवला होता. बाई धापा टाकत तिच्याशेजारी बसल्या तेव्हा आईने आधी बाईंच्या गुडघ्यावर शाल घातली आणि मग चहा दिला. "काय होतं हो खाली?" तिने विचारलं. बाई म्हणाल्या, "एका बाईचा हिशेब. नवरा गेल्यावर मुलं लहान असताना सगळं कसं निभावलं, त्याचा." आई म्हणाली, "हत्ती-घोडे असतील तर निभावतंच." दोघी मग बराच वेळ एकमेकींच्या गुडघ्यांबद्दल बोलत बसल्या. माझ्या नवऱ्याने, जो फक्त आम्हाला सोडायला आला होता, तोवर गवतावर ताणून दिली होती.

मावळतीला निघालो. ओतूरचा रस्ता घ्यावा की जुन्नरचा यावर पुन्हा वाद, मग जुन्नरच. रात्री दहाला पुण्यात. बाईंना घरी सोडताना त्यांनी विचारलं, "मुद्रितं कधी बघायची?" कुणाकडेच उत्तर नव्हतं.

मित्रमैत्रिणींनो, ती पानं नंतर घाईघाईने, तीन रात्रींत तपासली गेली. तेव्हा या स्मरणिकेत कुठे ऱ्हस्वाचं दीर्घ राहून गेलेलं दिसलं तर संपादक मंडळाला दोष द्यायला हरकत नाही. बाईंना देऊ नका, त्या दिवशी त्यांना आम्ही दुसरीकडे नेलं होतं. आणि ज्यांची नववीची सहल कुठल्याही कारणाने राहिली असेल, त्यांनी संमेलनाच्या दिवशी मला भेटावं. रस्ता मला आता माहीत आहे, आणि बाईंनी ते पान परत एकदा काढून दिलं आहे. या वेळी मी ते विकलेलं नाही. मुलीच्या गणिताच्या वहीत आहे, हवं तर दाखवते.